नाव नको, नंबर सांगा

कुणीही काही मागायला आलं की मामा आधी चष्मा काढायचे. शर्टाच्या खालच्या टोकानं दोन्ही काचा पुसायचे, चष्मा परत नाकावर ठेवायचे आणि म्हणायचे, "नाव नको. नंबर सांगा."

समोरचा माणूस नाव सांगून मोकळा झालेला असायचा. "अहो मामा, निकालाच्या सर्व्हरला डिस्क दिसत नाही."

"निकालाचा सर्व्हर हे नाव झालं. त्याच्या पोटात कार्ड बसवलंय. त्या कार्डाचा नंबर सांगा."

तो नंबर सोळा खुणांचा असायचा, काही आकडे, काही इंग्रजी अक्षरं. माणूस तणतणत जिना उतरायचा, नंबर चिठ्ठीवर लिहून परत चढायचा. तेवढ्यानं भागायचं नाही. चिठ्ठी हातात घेऊन मामा उठायचे, कपाटामागं जाऊन त्या मशीनची वायर उपसायचे आणि पडद्यावर बघायचे. चिठ्ठीवरचाच नंबर पडद्यावरून गेला, तर ठीक. मग वायर परत लावायची आणि मगच यादीत नोंद.

"चिठ्ठी माणूस लिहितो," ते म्हणायचे. "वायरीला खोटं बोलता येत न्हाई."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तहसिलीत, बँकेत, दवाखान्याच्या खिडकीमागं. त्यांच्यापुढं उभं राहिलं की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं. पहिले सहा महिने मी मामांना त्यांच्यातच धरत होते. माझा जन्म नांदेडचा. वडील आणि त्यांचे मित्र पायानं चालवायच्या छापखान्यावर पत्रकं छापायचे आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवरच. 'जाहीर निषेध' हे मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायचं. त्यामुळं खिडकीमागं बसलेला कुठलाही माणूस हा आपला शत्रू, हे मी गृहीत धरूनच नोकरीला लागले.

नोकरी लातूरला, एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये. प्रश्नपत्रिकांची मराठी तपासायची, पालकांना जाणारी पत्रं लिहायची, वेबसाइटवरचा मजकूर लिहायचा. ते दिवस आठवतात का तुम्हाला? गावातल्या प्रत्येक भिंतीवर डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो. एका खोलीत चार कॉट, चार कॉटवर चार तालुके. पहाटे अभ्यासिका भरायची ती जेवायलाच रिकामी व्हायची. आमच्या क्लासची पोरं इतकी वाढली की त्यांचे पेपर, निकाल, हजेरी, रेकॉर्ड केलेले तास, हे सगळं ठेवायला तिसऱ्या मजल्यावर एक थंड खोली करावी लागली. त्या खोलीचे मालक मामा. पदानं ते साधे तंत्रज्ञ होते. क्लासमध्ये शिपाई सोडून प्रत्येकाला 'सर' म्हणायची पद्धत होती. हे एकटे मामा.

त्यांचं काम मला त्यांनीच समजावलं. खोलीत एक काळं कपाट होतं, त्यात डिस्काच डिस्का. खालच्या सात-आठ सर्व्हरपैकी एकाकडंही स्वतःची डिस्क नव्हती. मामा त्या कपाटातल्या जागेचे तुकडे पाडायचे आणि वायरीवरून एकेका सर्व्हरला एकेक तुकडा दाखवायचे. सर्व्हरला वाटायचं, ही माझीच डिस्क, माझ्याच पोटातली. कुठल्या सर्व्हरला कुठला तुकडा दिसायचा याची यादी कपाटात होती आणि ती लिहायचा हक्क फक्त मामांना.

"आणि ज्याचा नंबर यादीत नाही तो?"

"त्याच्यासाठी तो तुकडा जगातच न्हाई."

"म्हणजे कुलूप लावता."

"छ्या. कुलूप दिसलं की माणूस फोडायला बघतो. दारच दिसू द्यायचं न्हाई."

मला ते फार बेरकी वाटलं. मी विचारलं, "आणि दोघांना एकच तुकडा दाखवला तर? सगळ्यांना सगळं खुलं का नको?"

मामा हसले. त्यांचे पुढचे दोन दात किंचित एकावर एक चढलेले होते, हसले की वयानं लहान दिसायचे. "बाई, ही मशीन लई भोळी असतेत. जे दिसलं ते आपलं म्हणतेत, अन् दिसलं की लिहितेत. दोघांना एक दाखवलं तर दोघं बी आपापल्या मनानं लिहीत सुटतेत. ह्यानं त्याचं पुसलं, त्यानं ह्याचं पुसलं. सकाळी बघावं तर कुणाचंच काही न्हाई."

*

त्या तुकड्यांपैकी एकाशी माझा थेट संबंध होता.

क्लासनं एक समुपदेशक मॅडम नेमल्या होत्या. त्या मूळच्या नांदेडच्या, शनिवार-रविवार घरी जायच्या. त्यांच्या खोलीत स्वतःहून जायला पोरं लाजायची. दारात उभं दिसलं की वर्गात चर्चा. म्हणून मॅडमनी अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर एक पान सुरू केलं, 'मनातलं'. पोरानं आपलं जे असेल ते लिहायचं, मॅडमनी वाचायचं आणि गाजावाजा न करता त्याला भेटायचं. पानाच्या वर एक ओळ हवी होती. ती मी लिहिली. 'तुम्ही लिहिलेलं फक्त मॅडम वाचतील. दुसरं कुणीही नाही.'

आयुष्यात मी पुष्कळ पत्रकं लिहिली, पण जिच्यावर कुणी खरोखर विश्वास टाकला अशी ओळ ती एकच. पोरं लिहू लागली. आणि ती ओळ खरी ठेवायचं काम मामांचं होतं. तो तुकडा त्यांनी फक्त मॅडमच्या सर्व्हरला दाखवला आणि तो सर्व्हर वर, थंड खोलीतच ठेवला. नक्कल कुठंच ठेवायची नाही, असा आग्रह मी धरला, मॅडमनी मान डोलावली. मामा एवढंच म्हणाले, "बाकी सगळ्याची नक्कल असती आपल्याकडं. ह्याची न्हाई म्हणल्यावर हात लई जपून टाकावा लागंल."

दिवाळीनंतर संचालक सर स्वतः तिसऱ्या मजल्यावर आले. मी प्रश्नपत्रिकेची फाइल शोधायला तिथंच होते.

"मामा, ते मनातलं-बिनातलं माझ्या मशीनवर दिसायला पाहिजे."

मामांनी चष्मा काढला. पुसला. "तुमच्या मशीनला ती डिस्क न्हाई, सर."

"नाही म्हणजे? आहे ना कपाटात?"

"हाय. पण तुमच्यासाठी न्हाई."

"अरे, क्लास माझा, कपाट माझं. उद्या एखाद्या पोरानं काही करून घेतलं तर पेपरात नाव कुणाचं येईल?"

"मग पोराला भेटा की, सर. मॅडमला विचारा कुणाला भेटू म्हणून. वाचायला कशाला पाहिजे?"

सर तणतणत खाली गेले. त्यांना ते का वाचायचं होतं हे मला माहीत होतं, कारण पत्राचा मसुदा आठवडाभर आधी माझ्याच टेबलावर आला होता. 'आपल्या पाल्याची मानसिक प्रकृती पाहता त्यास काही काळ घरी ठेवणे हिताचे ठरेल.' नावाची जागा मोकळी. कच्ची वाटतील ती पोरं परीक्षेच्या आधीच गावाकडं लावून द्यायची, म्हणजे काय व्हायचं ते क्लासच्या भिंतीबाहेर होईल. मी तो मसुदा मामांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात परत दिला.

"म्हणून म्हणलं ना, दारच दिसू द्यायचं न्हाई."

त्या दिवसापासून मी त्यांना शत्रूंच्या यादीतून काढलं.

*

पण भांडण संपलं नव्हतं. ट्यूशन एरियातल्या टपरीवर चहा पिताना मी त्यांना छेडायची. याद्या, नंबर, नोंदी ही माणसं दाबायचीच हत्यारं, या तुमच्या यादीतही मला तोच वास येतो, वगैरे. मामा बशीतला चहा फुंकत ऐकून घ्यायचे. एकदा मात्र बशी खाली ठेवून बोलले.

"आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. भूकंप झाला तवा मी बारावीला. औशाला खोली करून राहायचो म्हणून वाचलो. बाप गेला. आई वाचली, हात मोडला तिचा. पत्रे अन् ब्लँकेट वाटायला साहेब आला, यादी घेऊन. यादी बापाच्या नावानं होती. बाप मेला म्हणून साहेबानं नावावर रेघ मारली. बरोबर हाय. मेलेल्या माणसाला पत्रे कशाला? पण रेघ मारली अन् खाली आईचं नाव लिहायचं राहिलं. आई समोर उभी, हात गळ्यात बांधलेला. साहेब यादीत बोट फिरवतो अन् म्हणतो, नाव न्हाई."

"मग फाडायला पाहिजे होती ती यादी!" मी टेबलावर हात आपटला.

"फाडली की. तिसऱ्या दिवशी तरण्या पोरांनी फाडली अन् ट्रकवर चढले. जे ओरडत होते त्यांना चार-चार ब्लँकेट. आईला तवा बी काही न्हाई. ती ओरडणारी नव्हती." त्यांनी बशी उचलली. "यादी फाडायची न्हाई, बाई. यादी नीट लिहायची. जुन्यावर रेघ मारली की त्याच हातानं, त्याच दमात नवं लिहायचं. अन् कुणी ओरडलं म्हणून हात हलवायचा न्हाई."

मला त्यांचं पटलं नव्हतं. पटलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

*

अश्विनी धर्माबादची. वडील मिरचीच्या अडतीवर तोलाईचं काम करायचे. रिपीटर बॅचला होती, म्हणजे बारावी होऊन वर्ष गेलेलं, डॉक्टरकीच्या परीक्षेत थोडक्यात राहिलेली, आता पुन्हा एकदा. माझी तिची ओळख माझ्या चुकांमुळं. माझ्या टेबलापाशी येऊन पेपर पुढं करायची. "ताई, सत्तावीसाव्याला दोन उत्तरं बरोबर येतेत. तुम्ही तपासलात का नुसतंच बघितलात?" आणि स्वतःच हसायची. मेसचं अळणी जेवण तिला चालायचं नाही. पिशवीतल्या डबीतून लाल तिखट काढून वरणावर भुरभुरायची आणि शेजारणीला म्हणायची, "घे गं. आमच्या गावचं हाय. रडू आलं तर बरं वाटतंय."

पुढच्या वर्षी, भूकंपाच्या तारखेला, मामा नेहमीप्रमाणं गावी गेले. वर्षातली त्यांची ती एकच सुट्टी. तो शनिवार होता. आदल्या रात्री वीज कडाडली होती, वीजपुरवठा खालीवर झाला आणि मॅडमच्या सर्व्हरमधलं कार्ड जळालं. शनिवारी हैदराबादहून इंजिनिअर आला. त्यानं नवं कार्ड बसवलं. त्याच खेपेला सरांनी ऑफिससाठी घेतलेला एक नवा सर्व्हरही लावून दिला. दोन्ही मशीनवर कार्डांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. यादीतल्या जुन्या, मेलेल्या नंबरावर त्यानं कंपनीच्या पासवर्डनं रेघ मारली. नवा नंबर मामा आल्यावर लिहितील, असं सांगून तो संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला.

रविवारी सकाळी होस्टेलच्या हजेरीला अश्विनी नव्हती. बॅग होती, मोबाइल उशीखाली होता, ती नव्हती. खोलीतल्या मुलीनं सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळी ती तासभर अभ्यासिकेत बसून 'मनातलं'मध्ये लिहीत होती, लिहिताना रडत होती. वॉर्डनबाई पोलिसांत गेल्या. धर्माबादला फोन झाला, ती घरी पोचली नव्हती. मी मॅडमना नांदेडला फोन लावला. त्या सोमवारी येऊन वाचणार होत्या. "माझं मशीन उघड, पासवर्ड सांगते, आत्ता वाच," त्या म्हणाल्या. मशीन उघडलं. आत काहीच नव्हतं. 'मनातलं' नावाची जागाच नव्हती.

मामा तेवढ्यात एसटीतून उतरून थेट आले होते, खांद्याला पिशवी तशीच. मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि सगळं एका दमात सांगितलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला. पडद्यावर यादी काढली. जुन्या नंबरावरची रेघ बघितली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "रेघ मारली अन् लिहिलं न्हाई." मग बोट खाली सरकवलं. "हे बघ, अनोळखी नंबर दोन आलेत. एक मॅडमचा, एक ऑफिसच्या नव्या मशीनचा. वायर उपसून बघतो कुठला कुणाचा."

ते कपाटामागं वाकले. इंजिनिअरनं सगळ्या वायरींची एकच जाड वेणी बांधली होती, दर वितीवर प्लॅस्टिकचा पट्टा. मामा एकेक पट्टा कापायला लागले. एक वायर हातानं चाचपत मागं नेत होते, ती वेणीत हरवत होती, परत पहिल्यापासून.

"मामा, चिठ्ठ्या लावल्यात ना मशीनवर!"

"चिठ्ठी न्हाई चालत. दहा मिनिटं दे."

"दहा मिनिटं नाहीयेत! कुठं गेलीय ते तिनं लिहिलं असेल आत!"

"चुकीच्याला दाखवलं तर सगळं जाईल, बाई. नक्कल न्हाई ह्याची."

मी काय बोलले ते तुम्हाला सांगते, शब्दही बदलत नाही. मी ओरडले, "पोरगी मरेल तिकडं, आणि तुम्ही वायरी मोजत बसा! तुमच्या आईला नाव नाही म्हणून हाकलणारा साहेब तुम्हीच झालात, मामा!"

कात्री थांबली. ते उठले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मॅडमच्या मशीनवरची चिठ्ठी वाचली, खुर्चीत बसले आणि तो नंबर यादीत लिहिला. या वेळी चष्मा पुसला नाही.

मी मॅडमच्या मशीनपुढं उभी. काही दिसेना. "येईल, थांब," मामा म्हणाले. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला इंटरकॉम वाजला. रविवारी नवं मशीन लावत बसलेला ऑफिसचा ऑपरेटर होता. खूश होता. "मामा, थँक्यू हं! आमच्या मशीनला मोठी डिस्क आली बघा. नवीन दिसतेय, तयार करू का, असं विचारत होतं. मी दाबलं हो."

मामांनी रिसीव्हर ठेवला नाही, तो हातातून सुटला. जिना ते कसे उतरले मला आठवत नाही. आम्ही पोचलो तेव्हा पडद्यावर हिरवी पट्टी शेवटाला लागलेली होती. कोरी डिस्क. ऑपरेटरनं तिच्यावर ऑफिसच्या फाइलीही टाकायला सुरुवात केली होती.

इंजिनिअरनं चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या होत्या. याचा नंबर त्याला, त्याचा याला. एवढंच.

*

मामा तीन दिवस त्या खोलीतून हलले नाहीत. पुसलेल्यातून काही परत मिळतं का ते बघत होते. तुकडे मिळायचे. अर्धे शब्द, शेपूट नसलेली वाक्यं, कुणाची ते कळायचं नाही. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा पडद्यावर 'आईला सांगू नका पण' एवढंच होतं. पुढं कचरा. मामांनी पडदा बंद केला.

"हे आपल्याला वाचायचं न्हाई, बाई. आपण सांगितलंय त्यांना."

"मामा, मीच ओरडले."

"ओरडलीस. हात माझा हलला." डबा बाजूला सरकवत म्हणाले, "आईचं नाव घ्यायला नको होतंस."

अश्विनी मंगळवारी सापडली. नांदेडच्या रेल्वे स्टेशनवर, एका बाकावर, दोन दिवसांची उपाशी. जिवंत होती. कुणी हात लावला तर आक्रसायची, आणि बोलत नव्हती. एकही शब्द नाही. वडील तिला घरी घेऊन गेले.

सरांनी बैठक घेतली. तांत्रिक बिघाड, विषय संपला, बाहेर बोलायचं नाही. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. मसुद्याचं पत्र, ऑफिसचं नवं मशीन, पोरांच्या मनावर टपलेला क्लास, सगळं. माझं आजवरचं सगळ्यात धारदार पत्रक. मामांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचलं.

"ह्यात माझं नाव न्हाई."

"तुमचा दोष नाही, मामा."

"नंबर कुणी लिहिला?"

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "माझं वर टाक. मग सरांचं." त्या पत्रकात माझं नाव कुठंच नव्हतं हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. दिसलं मात्र होतं. मला ते अजून दिसतं. पत्रक मी छापलं नाही.

मामांनी केलं ते माझ्या पत्रकात बसणारं नव्हतं. 'मनातलं'मध्ये कुणीकुणी लिहिलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं, माहीत करून घ्यायचंही नव्हतं. म्हणून ते अभ्यासिकेच्या दारात उभे राहिले, बॅचमागून बॅच, दोन दिवस. प्रत्येक बॅचला तेच सांगायचे. "पोरांनो, 'मनातलं'मध्ये ज्यांनी लिहिलं, त्यांचं पुसलं गेलंय. माझ्या हातून. कुणी वाचलं न्हाई, पण राहिलं बी न्हाई. मॅडम आल्यात. ज्याला सांगायचं हाय त्यानं परत सांगा. तुमचं ऐकलं न्हाई असं समजू नका, पोचलंच न्हाई." पोरं पुस्तकातून मान वर करून बघायची. मागून कुणीतरी हसलं. पहिल्या रांगेतला एक मुलगा उठून बाहेर गेला आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी मामांकडून थंड खोलीची किल्ली काढून घेतली.

*

त्यानंतरच्या सकाळी अश्विनीचे वडील आले. बोटांच्या पेरांत मिरचीचा लाल रंग कायमचा मुरलेला. तोंडावर फडकं बांधायची सवय असावी, इथंही ते गळ्यात होतं. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, बंद खोलीबाहेर, मामा आपली पिशवी भरून निघतच होते.

"साहेब, पोरगी इथं काही लिहिली म्हणतेत."

"हाव."

"तेवढं दाखवा. वाचता येत न्हाई मला, ह्या ताई वाचून दाखवतील. ती बोलत न्हाई, साहेब. काय झालंय तेच कळत न्हाई. दवा कशावर करू?"

"न्हाई माझ्याकडं."

ते हात जोडायला लागले. "दुसऱ्याला दाखवायचा नियम न्हाई, ते सांगितलं मला खाली. पण मी बाप हाय. माझं नाव लिहा की तुमच्या यादीत."

मी मामांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, की तसा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. त्यांनी त्या माणसाचे जोडलेले हात धरून खाली केले.

"नियम न्हाई, दादा. चूक हाय. माझी. ते पुसलं गेलं. मी पण वाचलं न्हाई. कुणीच वाचलं न्हाई."

वडील पायरीवर बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तिला वाटत असंल, वाचलं अन् कुणी आलं न्हाई."

मामा ताडकन उभे राहिले.

मला ते सुचलं नव्हतं. मॅडमनाही नाही. आम्ही सगळे आठवडाभर तिनं काय लिहिलं असेल याच्या मागं होतो. तिनं शुक्रवारी लिहिलं, शनिवारभर दाराकडं बघत बसली असेल, आणि कुणीही आलं नाही. माझी ओळ तिनं वाचली होती. मॅडम वाचतील.

"गाडी किती वाजता हाय धर्माबादची?" मामांनी विचारलं.

मी स्टँडवर सोडायला गेले. दोघं शेजारी बसले, पिशव्या मांडीवर. मी खिडकीखाली उभी राहून म्हणाले, "मामा, मी पण येते."

"तू मॅडमपाशी थांब. इथल्या पोरांनी परत लिहायला पाहिजे." मग चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत म्हणाले, "एवढंच सांगायचंय तिला. वाचलं असतं तर आलो असतो."

गाडी निघाली. मामा क्लासमध्ये परत आले नाहीत. पोरांनीही परत लिहिलं नाही. थंड खोलीत आता एक सर बसतात. त्यांना नाव सांगितलं तरी चालतं. सगळ्या मशीनला सगळं दिसतं, काम पटापट होतं. 'मनातलं'चं पान अजून आहे आणि वरची ओळही. ती काढा म्हणून मी तीन वेळा लेखी दिलं. चौथ्या वेळी राजीनामा दिला.

मध्यंतरी अश्विनीच्या वडिलांचा फोन आला होता. मामा तिथंच बाजार समितीत वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर लागलेत म्हणाले. रोज काम झालं की घरी येऊन बसतात.

"काय बोलतात?"

"काही न्हाई. पहिल्या दिवशी ते एकच बोलले, ते बी तिच्याकडं न बघता. आता नुसते बसतेत."

"आणि ती?"

"ती अजून बोलत न्हाई, ताई." मागं बाजाराचा गलका होता, कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "पण त्यांची सायकल वाजली की उठती. खुर्ची पुसून ठेवती."